मधलं एक मंगलाष्टक

आळे, ता. जुन्नर
१४ जून २००४

चि. गोरख,

आशीर्वाद शेवटाला देते, आधी ऐकून घे. लग्नाची सीडी म्हणून तू जे काय पाठवलंस ते बघितलं. ते माझ्या लेकीचं लग्न हाय का जत्रेतला पाळणा? स्नेहल हार घालाया हात वर करती, तवर तिचं तोंड एका बदामात जातं, बदाम गरगर फिरतो आन् त्यातनं नवरदेवाचा चुलता निघतो. त्याच्या टकलावर वरनं गुलाबाची फुलं पडत्यात. कुणी सांगितलं व्हतं तुला? पंगती मातूर इतक्या दाखवल्यास की कुणी किती जिलब्या खाल्ल्या त्याचा हिशेब लागावा.

दुसरं, तुझ्या वायरी. स्नेहलच्या शालूवर उजव्या खांद्याला काळा तेलकट डाग पडलाय, तळहाताएवढा. रिठं लावलं, रॉकेल लावलं, जात न्हाई. एकदाच नेसलेला शालू. मांडवात काळ्या वायरी वढत तूच फिरत व्हतास, दुसरं कोण?

तिसरं, आन् हेच मुद्द्याचं. ह्या सीडीत माझा भाऊ चांगदेव हाय. तो काढून टाक. पोरीच्या मागं मामा म्हणून उभा हाय तिथनं काढ, निघून जातो तिथनं काढ, आन् तो गेल्यावर जी रिकामी जागा दिसती ती बी काढ. मला त्याचं तोंड नको, पाठ तर मुळीच नको. का म्हणून विचारू नको. आपल्यात मोठ्या माणसाला का विचारत न्हाईत.

मी चौथीपत्तुर शिकलेय, पण कापलं की कापलं जातं एवढं मला कळतं. तुझ्याकडं मशीन हाय. काप आन् नवी सीडी पाठव.

फोन करू नको. फोन सारजाबाईच्या घरी हाय. ती माझी जाऊ, आन् माझ्या हातात फोन दिल्यावर बी ती दारातच उभी ऱ्हाती. लिहून कळव.

तुझ्या आईला सांग, गुडघ्याला तेल लाव म्हणावं. बहिणीचं ऐकत न्हाई, लेकाचं तरी ऐक म्हणावं.

सरूमावशी


मंचर, ता. आंबेगाव
२२ जून २००४

ती. सरूमावशीस गोरखचा नमस्कार.

पत्र पोचलं. बदाम आणि गुलाब काढतो. हल्ली लोक तेच मागतात हो मावशी. घोडेगावच्या एका पार्टीने तर बदाम कमी पडले म्हणून सीडी परत आणून दिली होती.

डाग माझ्या वायरीचा नाही. मी एक कॅमेरा घेऊन समोर होतो, नवरीपासून लांब. माझा डोळा भिंगाला आणि भिंग हारांवर. नवरीच्या बाजूला दुसरा कॅमेरा होता, पण तो शाळेच्या बाकापाशी तिपाईवर लावून ठेवलेला. त्याच्याजवळ कोणी उभंसुद्धा नव्हतं आणि तो बॅटरीवर होता, त्याला वायरच नव्हती.

आता मामांचं. मावशी, नवरीचा मामा असा काढून टाकता येत नाही. तुकडा कापला की तिथे भोक पडतं आणि भोकात काहीतरी भरावं लागतं. शिवाय तुमच्या लग्नाचं काम मी कॉम्प्युटरवरून पुसून टाकलंय. एक लग्न पुसल्याशिवाय दुसरं त्यात मावत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांच्या कॅसेटी तेवढ्या जपून ठेवल्यात. परत करायचं म्हणजे पहिल्यापासून करायचं. दोन्ही कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायच्या, एकीच्या पट्टीखाली दुसरीची पट्टी लावायची, आणि दोन्हींकडचं लग्न एकाच वेळी चालेल अशी हाताने मागेपुढे सरकवायची. ते नीट बसलं तरच या कॅमेऱ्यावरून त्या कॅमेऱ्यावर उडी मारता येते. पुण्या-मुंबईला त्याला भारी मशीन आहेत म्हणे. आमच्याकडे डोळे आणि कान.

तेव्हा असू द्या. चांगदेवमामा माझेही मामाच. काय झालं असेल ते मिटवून टाका.

बदामाच्या जागी मोर टाकू का?

आपला,
गोरख


आळे
२७ जून

गोरख,

मोर टाकलास तर मंचरला येऊन मान मुरगाळीन, मोराची का तुझी ते तिथं आल्यावर ठरवीन.

मिटवून टाका म्हणाया तुझं काय जातं? सांगायचं न्हवतं, पण आता ऐक. आपल्यात पोरीच्या आईनं अक्षता बघायच्या नसत्यात. तू मांडवात व्हतास, मी न्हवते. मी शाळेच्या मागच्या वर्गात भितीकडं तोंड करून बसले व्हते, मुठीत तुळशीचं पान धरून. जिला जल्माला घातलं तिच्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या मी नुसत्या कानानं ऐकल्या. म्हणलं जाऊ दे, सीडीत बघू. म्हणून सीडी आली तशी मी गल्लीतल्या बाया बोलावल्या, चहा टाकला, मालकांनी फाट्यावरनं सीडीचं मशीन आणलं.

आन् समद्यांच्या देखत काय बघितलं? मंगलाष्टकं चाललीत. चांगदेव पोरीच्या मागं उभा हाय. मधेच शेजारच्याला कायतरी बोलतो, मुठीतल्या अक्षता त्याच्या हातात देतो आन् पाठ फिरवून चालाया लागतो. मग शेवटचं सावधान व्हतं, अंतरपाट पडतो, अक्षता उडत्यात, वाजंत्री कडाडती, आन् माझ्या स्नेहलच्या मागं कुणी न्हाई. मोकळी जागा. मामाची जागा मोकळी!

सारजाबाई म्हणाली, "अगं बया, मामा कुठं गेला?" मग एकेकीला वाचा फुटली. "व्हय, मी बघितलं जाताना." "मी बी बघितलं, तरातरा गेला." जाताना समद्यांनी बघितला म्हणं.

कशापायी गेला ते मला ठावं हाय. फेटा. नवऱ्याच्या चुलत्याला आधी बांधला, चांगदेवाला शेवटी, आन् त्याच्या वाटणीला कापड बी आखूड आलं. त्याचं तोंड एवढंसं झालं व्हतं. पंगतीला न्हवता. पोरगी वाटं लावली तवा न्हवता. मालकांना विचारलं तर म्हणत्यात, "मी व्याह्यांपुढं हात जोडून उभा, मला काय मागं डोळं हायेत?" स्नेहलला विचारलं तर म्हणती, "आई, माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात व्हता." असंल करवलीचा. सीडी काय खोटं बोलती व्हय?

धाकटा भाऊ हाय माझा. त्याचं नाक पुसून मी मोठी झाले. सीडी बघितल्यावर दोनच दिवसांनी त्यानं शिनोलीवरनं कुशाबाच्या टेम्पोत आंब्याची पाटी धाडली. मी वरचं फडकं बी न उचलता परत लावून दिली. तवा त्यानं कुशाबाच्याच तोंडी निरोप धाडला, आक्काला माहेर नको असंल तर मी बी पंचमीला न्यायाला येत न्हाई. नको येऊ म्हणावं! माझं लगीन झाल्यापासून एक नागपंचमी त्यानं चुकवली न्हाई. चौदा वरसांचा व्हता तवा बी एसटीनं एकटा आला व्हता मला न्यायाला, खिशात चणं घेऊन. आता चुकव म्हणावं.

आता पुढं अधिक महिना लागतोय. धोंड्याला जावई येणार, संगं बेल्ह्याची विहीण येणार, आन् चहाचा कप खाली ठेवायच्या आत ती म्हणणार, लग्नाची सीडी लावा. पोरीचा मामा भर मांडवातनं उठून गेला ही तिनं माझ्या घरात बसून बघायचं का? सासरी मग स्नेहलनं आयुष्यभर त्याचं टोमणं ऐकायचं. म्हणून म्हणते, काप. मामा आजारी व्हता, आलाच न्हवता, असं मी सांगीन. भोक पडलं तर पडू दे. पहिल्यापासून करायचं तर पहिल्यापासून कर.

सरूमावशी


मंचर
१६ जुलै २००४

ती. सरूमावशीस,

उशीर झाला, रागावू नका. दोन्ही कॅसेटी परत उतरवल्या, मागच्यासारखाच खराब भाग गाळला आणि जुळवायला बसलो. तिथे एक गाडं अडलंय.

मागच्या वेळी मी पहिल्या "सावधान"वर जुळवलं होतं. माझ्या कॅमेऱ्यातलं पहिलं सावधान आणि तिपाईवरच्या कॅमेऱ्यातलं पहिलं सावधान एकाखाली एक आणून ठेवलं, की पुढचं लग्न आपसूक बसत जातं. पण सावधान काही एकदाच होत नाही. दर मंगलाष्टकाला होतं. कॉम्प्युटरवर आवाजाची जी रेघ दिसते तीत सगळी सावधानं सारखीच दिसतात, डोंगराच्या रांगेसारखी. हा डोंगर कुठला नि तो कुठला ओळखू येत नाही. म्हणून या वेळी उलटीकडून, वाजंत्रीपासून सुरुवात केली. वाजंत्री लग्नात एकदाच कडाडते. तर झालं असं, की वाजंत्री जुळवली तर पुढची बाजू जुळत नाही, आणि पुढची बाजू जुळवली तर वाजंत्री जुळत नाही. बाही बसवावी तर गळा ओढतो, तसं.

एक विचारतो. मंगलाष्टकं चालू असताना लाइट गेली होती का? या उन्हाळ्यात इतके मांडव केले, की कुठल्या मांडवात काय झालं ते डोक्यात राहिलं नाही. तुम्ही मागच्या वर्गात होता. तिथे बसून तुम्हाला काय काय ऐकू आलं, तेवढं आठवून लिहा. का विचारतो ते आत्ताच सांगत नाही.

मामांना अजून हात लावलेला नाही.

गोरख


आळे
२० जुलै

गोरख,

मी भावाचं बोलते, हा लाइटीचं विचारतो. शाण्या, गेली व्हती लाइट. भटजीचा आवाज कर्ण्यातनं यायचा एकदम बंद झाला. मला वाटलं लग्नच मोडलं. उठून बघावं तर बघायचं न्हाई, विचारावं तर जवळ कुणी न्हाई. तुळशीचं पान चुरगळून गेलं माझ्या हातात.

मग भितीच्या पल्याड कुणी तरी लोखंडावर लोखंड आपटल्यागत खटाखटा केलं, आन् धडधड धडधड सुरू झाली. कर्णा परत बोलाया लागला. बहिरूचा जनरेटर, दुसरं काय. मांडव बी त्याचाच. ती धडधड पोरगी जाईपत्तुर चालू व्हती. मधेच मरायची, परत कुणी तरी खटाखटा करायचं, परत धडधड. माझं डोकं उठलं. पोरीला वाटं लावायाच्या आधी पाच मिनटं पाठ टेकावी म्हणून त्या वर्गात आले, तर भित नुसती हालत व्हती. बहिरूला मी मनातल्या मनात अशा शिव्या दिल्यात की कागदावर लिहिल्या तर तुझं टपाल कुणी हातात धरायचं न्हाई.

झालं समाधान? जावई आठ ऑगस्टला येतोय. मामा काप आन् सीडी पाठव.

सरूमावशी


मंचर
३१ जुलै २००४

ती. सरूमावशीस नमस्कार.

सोबत नवी सीडी आहे. टपालात फुटेल म्हणून कुशाबाच्या हाती देतोय. आधी पत्र वाचा, मग सीडी लावा.

मामांना कापलेलं नाही. आणि कापणारही नाही.

झालं होतं ते असं. माझ्या कॅमेऱ्यात आवाज यायचा तो भटजींच्या माइकवरून. लाइट गेली तसा माइक गेला आणि माझा आवाजही गेला. भटजी थांबले नाहीत, तोंडाने म्हणत राहिले, पण मधलं एक अख्खं मंगलाष्टक माझ्या कॅसेटीत मुकं आहे. मुकं मंगलाष्टक कोणाला बघायचं असतं? म्हणून मिक्सिंगच्या वेळी, आधीही आणि आताही, तेवढा तुकडा काढला गेला. तिपाईवरच्या कॅमेऱ्याला मात्र स्वतःचा कान होता, त्याच्यात ते तसंच राहिलं. म्हणजे एकीकडे सगळी मंगलाष्टकं आणि एकीकडे एक कमी. तिथून पुढे माझ्या कॅमेऱ्यातलं लग्न पुढे पळालं आणि तिपाईवरचं एक मंगलाष्टक मागे राहिलं.

तुम्ही सीडीत अंतरपाट पडताना बघितला, तो शेवटच्या मंगलाष्टकाचा. पण त्याला जोडून स्नेहलच्या मागची मोकळी जागा दिसली, ती त्याच्या आधीच्या मंगलाष्टकाची. लोक अक्षता दर सावधानला टाकतात, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. मलाही नाही, आणि वाजंत्रीनंतर तिपाईचं काही मी घेतलंच नव्हतं.

आता मुकं मंगलाष्टक परत जागेवर ठेवलंय. वाजंत्री वाजंत्रीखाली बसली. फोटोवाल्याचा फ्लॅश दोन्ही पट्ट्यांवर एकाच वेळी पांढरा होतो, तिथेही ताडून बघितलं. आता काय दिसतं ते ऐका.

लाइट जाते. मामा मान वर करून पंख्याकडे बघतात. नवऱ्याकडचं कोणी तरी म्हणतं, "माइक बी न्हाई का ह्यांच्याकडं?" मामा शेजारच्याला म्हणतात, तिपाईच्या कॅमेऱ्यात स्वच्छ ऐकू येतं (जुन्या सीडीत आवाज फक्त माझ्या कॅमेऱ्याचा होता), "धर रं जरा, आलोच." अक्षता त्याच्या हातात देतात आणि जातात. कर्णा सुरू होतो, पुढचं मंगलाष्टक होतं, मामा अजून नाहीत. शेवटचं लागतं आणि अर्ध्यावर मामा येतात. पळत. फेटा सुटून शेंडा खांद्यावर आलेला. डाव्या हाताने अक्षता मागून घेतात. उजवा हात काळाकुट्ट झालाय, तो पांढऱ्या लेंग्याला पुसतात, निघत नाही, पुन्हा पुसतात, तेवढ्यात सावधान होतं. मग डाव्या हाताने अक्षता टाकतात आणि तो उजवा हात तसाच स्नेहलच्या खांद्यावर ठेवतात. वाजंत्री वाजते. त्यांचे ओठ हलतात, पण काय म्हणतात ते वाजंत्रीत ऐकू येत नाही. मग डोळे पुसतात आणि परत मागच्या बाजूला पळतात. त्या वेळी सगळा मांडव नवरा-नवरीकडे बघत होता. त्यांच्याकडे कोण बघणार?

राहवेना म्हणून बहिरूला फोन केला. त्या दिवशी राजुरीलाही त्याचा मांडव होता, तो जनरेटर तुमच्याकडे टाकून तिकडे गेला होता. म्हणाला, "मी सांजच्याला आलो तर एक फेटेवालं पावणं जनरेटरपाशी विटेवर बसल्यालं. म्हणलं, जेवला का राव? तर म्हणं, सोडून उठलं की बंद पडतंय, पोरगी जाऊ दे मग बघू. मीच मग माझ्याकडची भेळ दिली त्यास्नी."

जनरेटर कुठे होता तेही विचारलं. शाळेच्या मागच्या वर्गाच्या भिंतीला लागून. ती भिंत तुम्हाला माहीत आहे.

कॉम्प्युटरची चूक झाली, माफी असावी. मोर टाकलेला नाही.

गोरख


आळे
९ ऑगस्ट

गोरख,

कॉम्प्युटरची चूक! भाकरी करपली की तवा करपवतो व्हय? "तुकडा काढला गेला" म्हणं. आपोआप उठून गेला का तुकडा? कापला तू, आन् भाऊ माझा तुटला. भेटलास की तुझा कान माझ्या हातात असंल, आईला सांगून ठेव.

आता पुढचं ऐक. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, पण भरोसा बसंना. म्हणलं, मावशीचं मन राखाया पोरगं रचून लिहीत असंल. सीडी एकटीनं बघायची व्हती, पण मशीन आणलं तेच मालकांनी जावयासंगं. मग समद्यांत बघावी लागली. जावई, विहीणबाई, स्नेहल, आन् सारजाबाई. तिला कुणी बोलावलं न्हवतं.

मंगलाष्टकं लागली तशी सारजाबाई विहीणबाईला म्हणती, "बघा हां, आता ह्यांचा भाऊ उठून जातो."

मी म्हणलं, "गप बस. येतो."

कशाच्या बळावर म्हणलं देव जाणे. पदर तोंडात धरून बसले. चांगदेव गेला. मंगलाष्टक झालं, मोकळी जागा दिसली. आन् मग आला की रं! पळत आला! लहानपणी शाळेतनं यायचा तसा, एक खांदा पुढं काढून. सुटला फेटा, घामानं सदरा भिजलेला.

विहीणबाई म्हणाली, "अवो, त्यांचा हात बघा, कोळशाच्या पोत्यात घातल्यागत."

स्नेहल तशीच उठली. आत गेली, पेटीतनं शालू काढला आन् खांदा उलगडून टीव्हीपुढं धरला. चार बोटं. अंगठा जरा बाजूला. आमी मेल्यांनी रॉकेल लावून लावून पुसाया बघितला तो डाग. मालक म्हणाले, "साबण लावला असता तर गेला असता." ह्या माणसाला कवा काय बोलावं कळत न्हाई. पण मला हसू फुटलं, आन् हसता हसता दुसरं बी फुटलं, ते जावयापुढं बरं दिसलं न्हाई. दिसू दे. काल किती दिसांनी पोटभर जेवले. तुला सांगते, घास गिळायचा विसरलेच व्हते मी.

"परत लाव" म्हणलं. परत लावली. तिसऱ्यांदा लावली तवा सारजाबाई उठली, तिची म्हैस हंबरत व्हती म्हणं. म्हशीला बी कळतं कवा हंबरायचं.

विहीणबाई जाताना म्हणाली, "असा मामा पाहिजे." म्हणजे टोमण्याची भीती व्हती तिथं माझ्या पोरीचा मान वाढला. आन् मी माझ्या पोरीच्या अक्षता डोळं भरून बघितल्या. आईनं बघू नये म्हणत्यात. सीडीत चालतं.

आशीर्वाद द्यायचे राहिले व्हते, ते घे आता समदे. आन् बदाम सगळेच कशाला काढलेस? एखादा ठेवायचा व्हता. विहीणबाई विचारत व्हती.

सरूमावशी


आळे
११ ऑगस्ट २००४

चांगदेव,

तुला चिठ्ठी लिहायची वेळ कवा आली न्हवती. तू पंचमीला यायचास, भाऊबीजेला यायचास, जे काय असंल ते तोंडानं बोलायचो. आता लिहिते, कारण तोंडानं बोलाया गेले तर आधी भांडण निघंल.

तू माझ्या पोरीच्या लग्नात उपाशी बसलास. हे मला आता कळतं, आषाढ सरल्यावर, ते बी त्या मंचरच्या गोरखच्या चिठ्ठीतनं. भितीच्या अल्याड मी, पल्याड तू. तिथं बसून मी बहिरूला म्हणून ज्या शिव्या दिल्या त्या समद्या तुलाच लागल्या. त्या मी परत घेत न्हाई. तू खिडकीतनं हाक मारायची व्हतीस. "आक्का, मी हाय हितं" एवढं म्हणाया काय तोंडाला कुलूप घातलं व्हतं? मी भाकरी आणून दिली असती. तू बोलायचं न्हाई आन् मी विचारायचं न्हाई, आन् मधल्या मधी लोकांनी सांगायचं, ही कुठली रीत?

तुझी पाटी मी परत धाडली. वाटेत आंबे नासले असं कुशाबा म्हणाला. फडकं न उचलता धाडली असं मी समद्यांना सांगितलं, पण एक आंबा मी काढून घेतला व्हता. मोजून धाडले असशील तर तुला कळलंच असंल. गोड व्हता. न्हाणीघरात उभी राहून खाल्ला, कुणी बघू नये म्हणून. पुढल्या साली दोन पाट्या धाड.

फेट्याचं तू मनात धरलं व्हतंस का न्हाई मला ठावं न्हाई. मी मातूर धरलं व्हतं, तुझ्या वतीनं. नवा फेटा आणून ठेवलाय, भगवा, लांबलचक. सुटणार न्हाई असा मालक स्वतः बांधणार हायेत.

स्नेहल म्हणती, शालू धुवायचा न्हाई, मामाचा हात तसाच ऱ्हाऊ दे. हात खांद्यावर ठेवला तवा तू काय म्हणलास ते वाजंत्रीत कुणालाच ऐकू आलं न्हाई. तिला आलं असंल म्हणून विचारलं, तर नुसती हसती. तू सांग मला.

पंचमी वीस तारखेला, शुक्रवारी. तू येत न्हाईस असा जो निरोप धाडला व्हतास तो मला मिळाला न्हाई असं समज. बेस्तरवारी सकाळच्याला तू स्वतः यायचं, दुसऱ्या कुणाला धाडायचं न्हाई. आल्या आल्या पाटावर बसायचं. पुरण घातलेलं असंल. तू पोटभर जेवल्याबिगर मी पिशवीला हात लावणार न्हाई, मग एसटी चुकली तरी चुकू दे. सीडी संगं आणते, भावजयीला दाखवायची हाय. शिनोलीतल्या समद्या बायांना बोलाव म्हणावं.

येतोस का न्हाई ते बुधवारपत्तुर मला लिहून कळव. "येतो" एवढंच लिहिलंस तरी बास. "न्हाई" लिहिलंस तर ते पाकीट मी खरंच न उघडता परत धाडीन, आन् बेस्तरवारी पहिल्या एसटीनं येऊन तुझ्या दारात बसन. बुधवार. ध्यानात ठेव.

तुझी आक्का